मधलं दार

पुढच्या दारावर आमचं एकमत होऊन सहा महिने झाले होते. मोटरहोम घ्यायची, म्हणजे चाकांवरचं घर. पुढे स्टिअरिंग, मध्ये ओटा, मागे पलंग, आणि आत यायचं दार अगदी पुढे, ड्रायव्हरच्या नजरेसमोर. मी एकतीस वर्षं बस चालवली. त्यातली पहिली बावीस वर्षं बायको माझ्याच बसवर कंडक्टर होती. कोण चढलं, कोण उतरलं हे मला दिसायलाच हवं, हे तिलाही पटलेलं. आणि आज शोरूममध्ये पाऊल टाकल्या टाकल्या बाईसाहेब म्हणतात, "मला मधल्या दाराची दाखवा."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरं सांगायचं तर महिनाभर मीच तिला जरा टरकून होतो. मागच्या महिन्यात भाड्याची गाडी घेऊन फिरायला गेलो होतो. दुपारचं जेवण झालेलं, रस्ता सरळसोट, आणि माझा डोळा लागला. क्षणभरच. चाकं खडीवर खडखडली तेव्हा दचकून जागा झालो आणि गाडी सावरली. "कुत्रं आडवं आलं," मी म्हणालो. ती खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. नुसतं "हं" म्हणाली. तिला कळलं असतं तर मोटरहोमचा बेत तिथेच बारगळला असता आणि उरलेलं आयुष्य मी खिडकीत बसून लोकांच्या गाड्या मोजल्या असत्या.

विक्रेता निळ्या टायचा, गोडबोल्या. मधल्या दाराचं कौतुक त्याने असं सुरू केलं, जणू आदल्या रात्री पाठ करून आला होता. ओटा जवळ, संडास जवळ, पुढची बैठक ऐसपैस. बायको मान डोलवत होती. मी टायर बघायला खाली उतरलो, तर दोघांची कुजबुज सुरू. मी वर चढताच चिडीचूप.

"काय विचारत होतीस?"

"काही नाही हो. सीट किती सरकते ते."

मी ताडलं. मधल्या दाराशेजारी जेवणाचं टेबल होतं आणि ते पाडलं की एक माणूस झोपेल असा बिछाना व्हायचा. तिचा धाकटा भाऊ! त्याला नोकरी नाही, घर नाही, आणि फुकटात फिरायची हौस दांडगी. मेहुण्याला आम्हाला न उठवता ये-जा करता यावी म्हणून हे मधलं दार. तरीच म्हटलं, हिला अचानक काय झालं!

आधी पुढच्या दाराची गाडी चालवून बघितली. शेजारची सीट दारामुळे हातभर मागे, पायाखाली पायऱ्यांचा खड्डा. बायको त्या सीटवर पट्टा लावून बसली आणि चालत्या गाडीत तिने माझ्या दिशेने हात लांबवला. बोटं हवेतच राहिली.

"काय हवंय?"

"काही नाही."

मग मधल्या दाराची. पुन्हा तेच. पण या वेळी तिचा हात थेट स्टिअरिंगवर आला. तिने हलकेच चाक धरलं, सोडलं आणि स्वतःशीच मान हलवली.

माझं डोकंच फिरलं. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि टायवाल्याला मागचे दिवे बघायला खाली पिटाळलं.

"तुझा भाऊ येणारे ना आपल्याबरोबर? सरळ सांग की!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली, पण हसू टिकलं नाही. "कुठला भाऊ? अहो, त्या दिवशी रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी जागी होते. मी हात पुढे करेपर्यंत तुम्ही उठलात. पुढच्या दाराच्या गाडीत माझा हात पोचत नाही. या गाडीत पोचतो."

मी म्हणालो, "महिनाभर गप्प का बसलीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून. बावीस वर्षं तुमच्या मागे उभं राहून तिकिटं फाडली. एकदाही मान वर करून रस्ता बघितला नाही. आता बघावा लागतोय, त्याचं वाईट वाटतं."

सुटका समोर होती. मधलं दार घ्यायचं, तिचा हात जवळ ठेवायचा, की प्रवास सुरू. ती तयारही होती. मी नुसतं "बरं" म्हणायचं होतं.

"दोनदा झालंय," मी म्हणालो. "पहिल्यांदा नोकरीच्या शेवटच्या वर्षी. बस भरलेली होती. तू तेव्हा निवृत्त झाली होतीस. कुणाला कळलं नाही."

तिने हात मांडीवर घेतला. ती समोरच्या काचेतून बाहेर बघायला लागली. मला तिची भीती वाटली नाही, स्वतःची लाज वाटली.

टायवाला मधल्या दाराने आत आला. "दिवे एकदम ओके! मग साहेब, कुठलं दार ठरलं?"

मी पट्टा सोडला, उठलो आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "शोरूमपर्यंत तुम्ही चालवा."

तो गोंधळून बायकोकडे बघायला लागला. मी मागे जाऊन टेबलाशेजारच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने तीही पुढची सीट सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. गाडी निघाली. पहिल्या वळणावर माझा उजवा पाय खालची फळी दाबत ब्रेक शोधायला लागला, तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शोरूम येईपर्यंत काढला नाही.