वकिलाचा चौथा खूर

कृतिकानं केलेली लाकडी चित्रं आजवर अकरा भिंतींवर लागली होती आणि अकराही भिंती नातेवाइकांच्या होत्या. नातेवाईक चित्रं आनंदानं न्यायचे, कृतिका येणार असं कळलं की लावायचे आणि ती जिना उतरली की काढायचे. हे उघडकीला आलं बदलापूरच्या मावशीकडे. बाबा एकदा न कळवता तिथे गेले, तर कृतिकाचा मोर तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून बसलेला. बसतोय छान, असं त्यांनी घरी येऊन प्रामाणिकपणे सांगितलं.

हे सगळं करणारं स्क्रोल सॉ नावाचं मशीन ठाकुर्लीच्या त्यांच्या वन बीएचकेच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीन आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी यांच्या मधे राहायचं. शिवणयंत्र आणि करवत यांचं लग्न लावलं तर जे मूल होईल, ते हे. टेबलाच्या मधोमध दोऱ्यासारखं बारीक पातं जागच्या जागी खालीवर होतं, आणि त्यावर लाकूड फिरवायचं काम माणसाचं. प्लायवर चित्राचा कागद चिकटवायचा, रेषेरेषेनं तुकडे कापायचे, कडा घासायच्या, प्रत्येक तुकडा वेगळा रंगवायचा आणि पाठीवरच्या नंबरानं पुन्हा जुळवायचा. उरलेला भुसा बाबांच्या शर्टांवर जायचा. ठाण्याच्या ऑफिसात एकानं विचारलं, "काय सुधीरराव, रिटायर झाल्यावर सुतारकाम का?" बाबांच्या रिटायरमेंटला सात वर्षं होती.

म्हणून बाबांनी अट घातली. बाबा वाईट नव्हते. वाईट माणूस मुदत देत नाही.

"नात्यातला नसलेला एक माणूस," ते म्हणाले. "त्यानं स्वतःच्या भिंतीवर, स्वतःच्या मर्जीनं तुझं चित्र लावलं पाहिजे. दसऱ्यापर्यंत. नाहीतर मशीन विकायचं आणि तू कुठंतरी सरळ नोकरीला लागायचं."

"माझ्या मैत्रिणीनं, श्रियानं लावलं तर?"

"श्रिया तुझ्या आत्याच्या जावेची भाची आहे."

हे दुर्दैवानं खरं होतं. डोंबिवली-ठाकुर्लीत तीन पिढ्या काढल्या की नात्यात नसलेला माणूस शोधायला नदी ओलांडावी लागते. बाबांनी कल्याणचं एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं. ते दसऱ्याला संध्याकाळी मशीन बघायला येणार होतं.

कृतिकाला तिचा माणूस मिळाला कल्याणच्या बचत गटांच्या प्रदर्शनात, पण होता तो उल्हास नदीपलीकडचाच, आंबिवलीचा. तिच्या स्टॉलवर दोन दिवसांत माणसं फक्त पंख्यासाठी थांबली होती. तिसऱ्या दिवशी पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन आणि मागं बायको असे मारुतीशेठ भोईर आले. त्यांनी लाकडी हंसाकडे बराच वेळ संशयानं पाहिलं.

"यात बैल होतो काय?"

"होतो ना."

"आमचा वकील कारून दे मना. दसऱ्याला वारदिवस हाय त्याचा."

वकील हे बैलाचं नाव होतं. शर्यतीत तो समोरच्याला बोलायची संधीच देत नाही, म्हणून वकील. त्याची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, त्यामुळे मुहूर्त बघून दसरा ठरवलेला. गेल्या वर्षीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स शेठनी मोबाईलवर दाखवला. वर गॉगल लावलेला वकील आणि खाली एक्केचाळीस शुभेच्छुक, त्यातले दोघे बैल.

"पन पसंत मी नाय करनार," शेठ म्हणाले.

"मग काकी करणार?"

"बैल करील," मागून बायजाकाकी म्हणाल्या. "ज्याचा फोटो, त्याला नको का दाखवायला? त्याला पटला तर हॉलमदी लावू. नाय पटला तर चूल हायेच."

कृतिकानं हो म्हटलं. अकरा नातेवाइकांपेक्षा एक बैल परवडला, त्याला निदान खोटं बोलता येत नाही.

ती तीनदा आंबिवलीला जाऊन आली. वकिलाचे फोटो काढले, त्याच्या खांद्यावर पांढऱ्याच्या पाच छटा मोजल्या आणि तीन फुटी चित्राचे चौऱ्याहत्तर तुकडे पाडले. अकरा पाती तुटली. डोळ्याला अख्खा दिवस गेला: बारीक भोक पाडायचं, त्यातून पातं ओवायचं आणि श्वास धरून प्लाय फिरवायचा. अर्धा मिलिमीटर चुकला की वकिलाचा कारकून होतो. पण डोळा उतरला, आणि असा उतरला की पाणी प्यायला उठलेले बाबा त्याच्यासमोरून जाताना नकळत बाजूनं गेले.

अष्टमीच्या दुपारी चारही खूर काळे चकचकीत रंगवून तिनं बाल्कनीच्या कठड्यावर वाळत ठेवले. आत जाऊन चहा गाळून आली, तर तीन होते. चौथा समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर एका कावळ्याच्या चोचीत होता. कावळ्यानं तो दोनदा आपटला, हे बिस्कीट नव्हे अशी खात्री करून घेतली आणि टाकीमागच्या फटीत टाकून दिला.

कृतिका घाबरली नाही. दहा मिनिटांचं काम. आज पाठीची फळी घासून घेऊ, खूर उद्या सकाळी कापू.

इथंच ती चुकली. उद्या खंडेनवमी होती.

सकाळी ती बाल्कनीत आली तेव्हा स्क्रोल सॉला झेंडूचा हार होता. पात्याला हळदकुंकू लागलं होतं. त्याच्याभोवती पाटावर विळी, सुऱ्या, दोन कात्र्या, हातकरवत, बाबांचं दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि मिक्सरचं भांडं मांडलेलं. आईचं माहेर साताऱ्याचं, आणि धार या विषयात तिनं भेदभाव केला नव्हता. त्या दिवशी जेवायला अख्खे बटाटे होते.

"आई, मला फक्त दहा मिनिटं हवंय."

"पूजेत बसलंय ते. उद्या सोनं वाटून झालं की उठेल."

"उद्या चारला द्यायचंय गं चित्र."

"मग हात लाव," आई शांतपणे म्हणाली. "मी काही म्हणणार नाही."

या वाक्यानंतर मराठी घरात आजवर कुणीही हात लावलेला नाही.

कृतिका प्लायचा तुकडा घेऊन बाहेर पडली. सुताराच्या दुकानाला हार होता. ग्रिलवाल्याकडे, चावीवाल्याकडे, चांभाराकडे हार होते. सलूनवाला खुर्चीत बसून स्वतःच गाणी ऐकत होता, समोर वस्तरे फुलांत झोपलेले. अख्ख्या ठाकुर्लीत त्या दिवशी कापता येईल असं काही उरलं नव्हतं. शेवटी शहाळेवाला भेटला. त्यानं पूजेला जुना कोयता बसवला होता आणि धंद्याला नवा ठेवला होता.

"दाखवा इकडं, ताई."

त्यानं एकच घाव घातला. प्लायचे चार तुकडे झाले, आणि चारांपैकी एकही खूर नव्हता.

संध्याकाळी बाबांनी जुळवलेला बैल पाहिला. पुढच्या उजव्या पायाखाली बिस्किटाएवढी रिकामी जागा होती.

"लंगडा दिसतोय," ते म्हणाले, आणि मग जरा वेळानं, "डोळा मात्र झालाय." ते कल्याणच्या गिऱ्हाइकाला फोन करणार होते, वेळ पक्की करायला. केला नाही.

दसऱ्याच्या सकाळी बाबा बाजारातून आपट्याची भली मोठी जुडी घेऊन आले. निम्म्या काटक्या, अशी तक्रार करत त्यांनी ती कृतिकासमोर टाकली. "निवड जरा. मोठी पानं मोठ्या माणसांना, बारकी दुसऱ्या मजल्याला."

कृतिका निवडायला लागली. वर देठ, खाली दोन गोल पाकळ्या, मधे चीर. तिसाव्या की एकतिसाव्या पानाला तिचा हात थांबला. ती उठली, पान देठानं वर धरलं आणि वकिलाच्या रिकाम्या पायाखाली टेकवलं.

दुभंगलेला खूर. मापातसुद्धा.

"बाबा."

बाबा आले. आई आली.

"तीन खूर काळे आणि एक सोन्याचा?" बाबा म्हणाले.

"आज सगळीकडे सोनंच म्हणतात ना त्याला."

"आणि याला हत्यार लागत नाही," आई म्हणाली. आपण लावलेल्या आगीवर आपणच पाणी ओतल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं. कृतिकानं थेंबभर गोंदावर पान बसवलं.

चित्र आंबिवलीला टेम्पोतून गेलं. साक्षीदार हवा म्हणून बाबाही आले, आणि वळणावळणावर चित्र धरून बसले.

अंगणात मांडव होता, डीजे होता, आणि पेंड, गूळ, शेंगदाणे यांचा तीन थरांचा केक होता. वकील झूल पांघरून उभा होता आणि लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढत होते. प्राचार्य नावाच्या बैलाचे मालक साईनाथशेठ खास टिटवाळ्याहून आले होते. मारुतीशेठनी हात वर केला, डीजे थांबला, आणि कृतिकानं चादर काढली.

मग साईनाथशेठ वाकले.

"मारुतीशेठ, एक खूर पाल्याचा हाय."

सगळं अंगण वाकलं. कृतिकाकडे एक बरी थाप तयार होती, की ही कलेतली नवी पद्धत आहे. पण वकिलाचे दोन्ही डोळे तिच्याकडे होते, एक लाकडातला आणि एक खरा.

"खूर कावळ्यानं नेला," ती म्हणाली. "दुसरा कापायला मशीन उचलायला हवं होतं, ते पूजेत होतं. म्हणून उचललं नाही. सोनं लावलं."

मारुतीशेठनी तिच्याकडे पाहिलं. मग गोठ्याच्या दारात हार घालून उभ्या असलेल्या छकड्याकडे पाहिलं.

"कालपासून माझी गारी पन पूजेत हाय. वारदिवसाची मिरवणूक म्हनून चालत कारली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पूजेतला हत्यार उचलून आनला असतास ना पोरी, तर मी दारातून परत धारला असता." मग कासरा सैल केला. "पन पसंत तोच करनार. बोला, वकीलसाहेब."

वकील पुढे आला. स्वतःसमोर उभा राहिला. लाकडाच्या शिंगांचा वास घेतला, लाकडाच्या खांद्याचा घेतला, डोळ्याशी डोळा लावून इतका वेळ थांबला की बाबांनी कृतिकाचा हात धरला, जो त्यांनी तिच्या दहावीच्या निकालानंतर धरला नव्हता. मग त्यानं मान खाली घातली, जीभ बाहेर काढली आणि सोन्याचा खूर खाऊन टाकला.

शांतपणे चावला. गिळला. आणि लाकडी वकिलाच्या पाठीवर हनुवटी टेकवून उभा राहिला.

"पटला," मारुतीशेठ म्हणाले.

"निकाल लागला," साईनाथशेठ म्हणाले, आणि डीजेनं जे लावलं त्यानं शहाडपर्यंतचे कावळे उडाले असतील.

चित्र हॉलमधे नेलं. खिळा ठोकायचा, तर हातोडी पूजेत, ड्रिल पूजेत. बाबा पुढे झाले. टीव्हीवरचं घड्याळ त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवून फ्रिजवर ठेवलं आणि त्याच खिळ्यावर वकील टांगला, मग दोन पावलं मागं येऊन थोडा सरळ केला.

"खुराचा लाकडी तुकडा उद्या आणून लावते, शेठ," कृतिका म्हणाली.

"हात लावू नको. तिथं दर दसऱ्याला पान लागल. तो खायल. घरातला रिवाज झाला आता." शेठनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आनि शेठ-बिठ नको. मामा बोल. आजपासून तू आमची भाची."

"थांबा," बाबा म्हणाले.

सगळे थांबले. बाबांनी फ्रिजकडे पाहिलं.

"चित्र टांगलं चार पन्नासला. भाची झाली चार बावन्नला. टांगलं तेव्हा नातं नव्हतं." त्यांनी खिशातून फोन काढला. "हॅलो, सुधीर बोलतोय ठाकुर्लीहून. ते मशीन विकायचं नाही... नाही, जास्त दिलेत तरी नाही. त्याला काम आलंय."

काम खरंच आलं होतं. साईनाथशेठना प्राचार्य हवा होता, चारही खूर पानांचे.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईनं सोनं वाटलं, देवाला, मग बाबांना, मग कृतिकाला. बाबांनी आपल्या हातातलं पान घेतलं आणि बाल्कनीत गेले. वॉशिंग मशीन आणि लोणच्याची बरणी यांच्या मधे जरा वाकून त्यांनी ते पान स्क्रोल सॉच्या टेबलावर ठेवलं.

"सोनं घ्या," ते म्हणाले, "सोन्यासारखे राहा."

मशीन काही बोललं नाही. मग कृतिकानं हार उतरवून बटण दाबलं, तेव्हा बोललं.