पाच बोटांची शांतता

तिने करंगळी टेबलावर टेकवली. मग अनामिका, मधलं बोट, तर्जनी, शेवटी अंगठा. पाच सेकंद झाले तशी ती फोनकडे वाकून म्हणाली, "अल्काप्टोन्यूरिया. लघवी तशीच ठेवली की काळी पडते. पुढचा प्रश्न."

आणि रेकॉर्डिंग बंद केलं. पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

ही पद्धत तिची तिनेच शोधली होती. वाचलेलं डोक्यातून निसटतं, ऐकलेलं राहतं, हे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा क्रमांक हुकल्यावर तिच्या लक्षात आलं. पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, सगळ्यांचे प्रश्न स्वतःच्याच आवाजात विचारायचे, पाच बोटं टेकेपर्यंत गप्प राहायचं, मग उत्तर सांगायचं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते लावून ठेवायचं आणि मधल्या जागेत उत्तर देऊन फोनमधल्या स्वतःवर मात करायची. दिवसाकाठी या खोलीत दोघींचं बोलणं व्हायचं, आणि दोघी तीच.

परीक्षा अकरा दिवसांवर आली होती. ही तिसरी खेप, आणि न बोलता सगळ्यांनी ठरवून टाकलेली शेवटची. चार महिन्यांपूर्वी क्लासजवळची ही खोली घेतली तेव्हा साडेतीन वर्षांच्या मुलीला तिने आपल्या आईकडे ठेवलं. नवरा नोकरीसाठी तिसऱ्याच गावी. निघताना मुलीच्या बुटांचे बंद बांधत ती म्हणाली होती, परीक्षा झाली की येते. मुलगी मान हलवून खेळायला पळाली होती. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत.

पण गेला महिनाभर ही भिंगरी फोनवर आली की थांबायची. पडद्याकडे बघायची, बोलायची नाही, आजीच्या मांडीवरून हळूच खाली घसरायची. काल तर दाराच्या पडद्याआड जाऊन उभी राहिली. "रुसलीय गं," आजी म्हणाली. पण रुसवा तिला ओळखता येत होता. रुसलेलं मूल आपल्याकडे कुणी बघतंय की नाही हे चोरून पाहतं. भिंगरी घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती.

खाटेखाली अर्धी भरलेली बॅग होती. उद्या सकाळची बस, परीक्षा सोडून मुलीकडे. कुणाला सांगितलेलं नव्हतं. मालकीणबाईंनी दारातून डोकावून "डॉक्टरीणबाई, कुठे निघालात?" असं विचारलं, तेव्हा धुवायचे कपडे आहेत, असं सांगून तिने वेळ मारून नेली होती.

तीन वाजले. रोजच्यासारखा तिने फोन लावला.

"हळू बोल," आजी कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागत होता. तुझी शाळा लावली होती."

"कसली शाळा?"

"अगं, तूच पाठवलीस ना ती प्रश्नोत्तरं? पंधरा दिवस झाले. पोरीला आवाज ऐकायला मिळावा म्हणून पाठवलीस, असं मला वाटलं."

तिने फोन कानापासून दूर धरून यादी वर सरकवली. सतरा रेकॉर्डिंगं. क्लासमधल्या चष्मिषला पाठवायची होती ती. चष्मिष 'पाठवतेस की नाही?' म्हणून मागे लागली होती, आणि हिने 'पाठवली की, नीट बघ' म्हणून तिलाच झापलं होतं. यादीत चष्मिषच्या बरोबर वर आई होती.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," आजी सांगत होती. "पण ती दुपारी तेच लाव म्हणते. लोळत ऐकते. उत्तरं देते."

"उत्तरं? भिंगरी?"

"तू मध्येमध्ये थांबतेस ना, तेव्हा. एरवी फोनवर तू थांबतेस कुठे?"

आजीच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. जेवलीस का, काय जेवलीस, आजीला त्रास नाही ना दिलास, आईची आठवण येते ना. एकामागून एक. मध्ये जरा जागा राहिली आणि पलीकडून काहीच आलं नाही तर, या धास्तीने ती जागाच ठेवत नव्हती.

"दे तिला," ती म्हणाली आणि तिने व्हिडिओ चालू केला.

पडद्यावर उशीची घडी गालावर उमटलेला चेहरा आला. भिंगरीने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. घसरायची तयारी सुरू झाली. जेवलीस का, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं, आणि रेकॉर्डिंगमधल्या सपाट आवाजात विचारलं,

"हॉजकिन लिम्फोमा. मायक्रोस्कोपखाली पेशी कशा दिसतात?"

करंगळी टेकवली. अनामिका. मधलं बोट. सेकंद इतका लांब असतो हे तिला माहीतच नव्हतं. तर्जनी.

"घुबडाचे डोळे," भिंगरी म्हणाली.

"बरोबर. पुढचा प्रश्न. पॅरासिटामॉल जास्त झालं तर उतारा काय?"

या वेळी मधल्या बोटापर्यंतही जावं लागलं नाही.

"अशिटी शिश्टीन."

अॅसिटिलसिस्टीन. बरोबर होतं. मागे आजी खुदकन हसली. भिंगरी हसली नाही. कामात असलेल्या माणसासारखी ती फोन ओढून इतकी जवळ आली, की पडद्यावर फक्त कपाळ आणि एक डोळा उरला.

"आता मी विचारते."

"विचार."

"आई घरी कधी येणार?"

विचारून भिंगरीने ओठ घट्ट मिटून घेतले. नियम तिला पाठ होता. इकडे तिची बोटं आपोआप टेबलावर टेकू लागली. खाटेखालून बॅगेचा पट्टा बाहेर लोंबत होता. 'उद्या' हा शब्द अगदी दाताशी आला होता. चार बोटं टेकली होती. अंगठा तसाच वर राहिला.

पलीकडची वेळ संपली.

"परीक्षा झाल्यावर," भिंगरीने सांगितलं. आणि जरा थांबून, हुबेहूब तिच्याच सपाट आवाजात म्हणाली,

"पुढचा प्रश्न."