दाबलेली पिशवी

त्या बाईंचं पत्र येऊन सहा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी ते एका जाडजूड ग्रंथात दडवलं होतं आणि तेव्हापासून तो ग्रंथ उघडला नव्हता. पत्र चारच ओळींचं. ‘तुम्ही ह्यांचा मूतखडा काढलात त्या संध्याकाळी ह्यांना हुडहुडी भरली. मी पांघरुणं घालत बसले, सिस्टरना उशिरा बोलावलं. तिसऱ्या दिवशी हे गेले. माझ्यामुळे गेले का? एवढंच कळवा.’

उत्तर डॉक्टरांना तेव्हाच ठाऊक होतं. दुर्बीण लघवीच्या वाटेनं थेट मूत्रपिंडात नेलेली, लेसरनं खडा फुटत होता आणि धुरळ्यानं पडद्यावर काही दिसेना. ते सवयीनं म्हणाले, “मामा, दाबा.” थिएटरमधल्या म्हाताऱ्या मामांनी दुर्बिणीतून पाणी सोडणारी सलाइनची पिशवी दोन्ही हातांनी पिळली. चित्र लख्ख झालं. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट मात्र यायचा होता. तो आला तेव्हा त्यात जंतू निघाले. पाण्याच्या जोरानं ते रक्तात घुसले होते.

आज त्यांचा जुना विद्यार्थी, आता विभागप्रमुख, घरी आला. “सर, पिशवी हातानं दाबणं बंद केलंय. दाब मोजूनच पाणी सोडायचं, आणि रिपोर्ट आल्याशिवाय पेशंट टेबलावर घ्यायचा नाही. या नव्या पद्धतीच्या शुभारंभाला तुम्हीच बोला. एवढी ऑपरेशनं केलीत, कधी गालबोट लागलं नाही!”

डॉक्टरांनी हातातला कप बशीत ठेवला. “बघतो,” एवढंच ते पुटपुटले.

तो गेल्यावर बायको म्हणाली, “त्या पत्राचं काय लोणचं घालायचंय?”

“तुला कसं...”

“पुस्तकं झटकतं कोण या घरात?”

“शब्द सापडत नाहीत गं.”

“कपाटं भरून पुस्तकं वाचलीत आणि शब्द सापडत नाहीत! अहो, ती बाई सहा वर्षं स्वतःला खातेय.”

त्यांनी ग्रंथातून ते पत्र काढलं. मग कागद घेतला. पहिल्या मसुद्यात ‘गुंतागुंत’ तीनदा आणि ‘कदाचित’ पाचदा आलं. स्वतःचीच किळस येऊन त्यांनी तो फाडला.

‘तुमच्यामुळे नाही,’ त्यांनी नव्यानं लिहिलं. ‘रिपोर्टची वाट न पाहता मी ऑपरेशन केलं. पाण्याची पिशवी दाबायला मीच सांगितलं; त्या जोरानं जंतू रक्तात गेले. त्या संध्याकाळी तुमच्या यजमानांवर लक्ष ठेवणं आमचं काम होतं, तुमचं नव्हे. हे तेव्हाच कळवायला हवं होतं. धीर झाला नाही. तुम्ही हे पत्र कुणालाही दाखवा.’

मग विद्यार्थ्याला फोन केला. “बोलेन मी. पण पिशवी दाबल्यानं माझा एक पेशंट गेला, ती केस सांगेन, माझ्या नावानिशी.”

पलीकडून विद्यार्थी म्हणाला, “बरं, सर.”

पोस्टाच्या पेटीपाशी त्यांना वाटलं, बाईंनी पत्ता बदलला असेल; कदाचित त्या हयातही नसतील. हे ‘कदाचित’ मनात येताच ते ओशाळले. मागे कुणीतरी खाकरलं, “आजोबा, टाकताय ना?”

“हो, हो. चुकलं माझं,” ते म्हणाले आणि पाकीट आत सोडलं.