कडू कुणाची?

आमच्या गावाला पटकीची लस मिळावी म्हणून आश्रुबाला मरावं लागलं. हे मी रागानं म्हणते आहे, पण खोटं म्हणत नाही.

निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझं नवीन लग्न झालेलं, म्हणून आखाड पाळायला मी माहेरी आले होते. आमच्या ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांत पटकी लागल्याची बातमी आली आणि त्याच दिवशी मी, माझी भावजय कोकिळा वहिनी आणि तिची पोर कडू, अशा आम्ही तिघी ताडकळसला व्यंकटराव डॉक्टरांकडं गेलो. व्यंकटराव म्हणजे आमच्या घरचेच डॉक्टर. वडलांचा दमा, आईचे गुडघे, कडूचा खोकला, सगळं त्यांच्याच हाताखालून गेलेलं. दरवर्षी या दिवसांत कुणी न विचारता ते सगळ्यांना सुई टोचायचे. पण त्या वर्षी लस कमी आली होती आणि वरून हुकूम आला होता की ज्या गावात रोगी सापडला, त्या गावाला आधी.

"तुमच्या गावात कुणाला जुलाब-उलट्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजून न्हाई," वहिनी म्हणाली.

"मग देवाचे आभार माना आणि घरी जा. माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला परत पाठवलं असतं का?"

आभार कसले मानायचे? ओढा तोच, पाणी तेच, वरच्या गावानं धुतलेलं सगळं आमच्या घाटावर येणार. पण अजून कुणी मेलं नाही म्हणून आम्ही लायक नाही! परतीच्या वाटेवर मी तोंडानं तणतणत होते आणि वहिनी कडूच्या कपाळाला हात लावून बघत होती. लेकरू धडधाकट उड्या मारत चाललं होतं, तरी तिचा हात काही निघेना.

पुढच्या बाजाराच्या आधी आमच्या गावातला आश्रुबा पटकीनं गेला. सकाळी औत घेऊन शेतात गेलेला माणूस, दिवेलागणीला त्याला उचलायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला, आता या, बाटल्या मोजक्याच आहेत, उशीर करू नका.

आता कडूबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

वहिनीची आधीची तीन लेकरं गेली होती. एक गोवरानं, एक तापानं, एक कशानं ते कुणालाच कळलं नाही. चौथ्या वेळी माझ्या आईनं ठरवलं की हे लेकरू वहिनीचं ठेवायचंच नाही. पाचवीच्या दिवशी सटवाई नशीब लिहायला येते, तेव्हा तिला हे लेकरू या घरात सापडता कामा नये. आईनं ताडकळसच्या छबूबाईला बोलावून घेतलं. छबूबाई आमच्या नात्याची ना गोत्याची, पण तिची सगळी लेकरं जगलेली. तिनं सुपातून जोंधळे आणले, आईच्या पदरात ओतले, लेकरू विकत घेतलं आणि उंबऱ्याबाहेर नेलं. मग बाहेरूनच हाक मारली, "ए बाई, माझं लेकरू जरा सांभाळतीस का?" वहिनीनं ते लोकाचं लेकरू सांभाळायला घेतलं. नाव ठेवलं कडू. कडू वस्तू कुणी उचलून नेत नाही.

त्या दिवसापासून वहिनीनं कधी 'माझी' हा शब्द काढला नाही. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "छबूबाईची हाय, मी नुसती सांभाळायलेय." कडूला शिकवलं होतं की छबूबाईला छबूमाय म्हणायचं आणि वहिनीला मावशी. दिवाळीचं परकर-पोलकं छबूबाईच्या घरून यायचं, कापड मात्र वहिनीनंच गुपचूप धाडलेलं असायचं. मी शाळेत चार बुकं शिकले होते, मला हे सगळं थोतांड वाटायचं. पण कडू चार वर्षांची झाली होती. जगलेलं लेकरू समोर खेळत असताना वाद कुणाशी घालणार?

निरोप आला तशा आम्ही निघालो. भाऊ बैलगाडी घेऊन भाड्यानं मानवतकडं गेलेला, त्याची वाट बघत बसायला सवड नव्हती. दवाखान्याच्या ओसरीवर आमचं अर्धं गाव बसलं होतं. डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून एक नवा माणूस बसला होता, आप्पाराव नावाचे आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर. कुठल्याशा गावच्या एका देशमुखानं आपला सगळा गोतावळा दुसऱ्याच गावचा म्हणून टोचून घेतला होता, त्याची वरपर्यंत तक्रार गेली होती. म्हणून हे आले. प्रत्येकानं नाव सांगायचं, गाव सांगायचं. लहान लेकरू असेल तर मायनं नाहीतर बापानं, दोघांपैकी एकानं, मोठ्यानं हो म्हणायचं.

"आजी, आत्या, शेजारीण चालणार नाही," आप्पाराव सगळ्यांना बजावत होते. "सुईनं ताप येतो. मग उद्या खरी माय येऊन भांडते."

आधी माझा नंबर लागला. बायना, असं मी नाव सांगितलं.

"गाव?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"सासर?"

"परभणी."

"मग तुम्ही परभणीच्या. तिकडं घ्या."

"अवो, मी ह्याच गावात जन्मले! आता आखाडभर हितंच ऱ्हानार हाय. पाणी हितलं पिनार आन् सुई परभनीला?"

"बाई, जन्म नाही विचारला मी."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की काय सांगू. डॉक्टरांकडं बघितलं, तर ते सुई उकळत्या पाण्यात घालण्यात गुंतलेले. मी बाजूला झाले. माझं जाऊ दे, कडूचं तरी होऊ दे, म्हटलं.

वहिनीनं आपला दंड पुढं केला, टोचून घेतलं. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही. मग तिनं कडूला पुढं ओढलं.

"हे लेकरू कुणाचं?" आप्पारावांनी विचारलं.

आणि वहिनी सवयीनं बोलून गेली, "छबूबाईचं."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांना सगळं ठाऊक होतं. "कोकिळाबाई," ते एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, "नीट विचार करून सांगा. लेकरू कुणाचं?"

वहिनीला आता कळलं होतं की काय विचारलं जातंय. तरी ती म्हणाली, "छबूबाईचंच हाय, डॉक्टरसायेब. मी सांभाळायलेय."

"कुठल्या छबूबाई?" आप्पारावांनी विचारलं.

"हितल्याच. येशीपाशी ऱ्हात्यात."

"म्हणजे लेकरू ताडकळसचं. ताडकळसात अजून रोगी नाही. पुढचे कोण?"

"अवो सायेब, ती खोटं बोलायलीय!" मी ओरडले. "तिच्याच पोटचं लेकरू हाय. मी आत्या हाय त्याची!"

"आत्या चालत नाही," ते म्हणाले. वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी लेकराला विहिरीत ढकललं.

मला दुसरं काही सुचेना. मी वेशीकडं पळत सुटले आणि छबूबाईला हाताला धरून घेऊन आले. बिचारी चुलीवरची भाकर तशीच टाकून आली, हात पिठानं भरलेले. तिला वाटलं आपण हो म्हटलं की काम झालं.

"मी हाय माय," ती धापा टाकत म्हणाली. "टोचा."

"तुमचं गाव?"

"ताडकळस."

"मग नाही."

छबूबाई खुळ्यासारखी बघत राहिली. मी तिच्या कानात म्हटलं, "छबूबाय, तुमी न्हाई म्हना. माझं लेकरू न्हाई म्हना, म्हंजी झालं."

ती एकदम मागं सरकली. "काय बोलायलीस तू, बायना? घेतलेलं लेकरू मी टाकलं म्हनू? माझ्या तोंडानं? आन् मंग त्याला काय झालं तर?"

झालं. एक माय हो म्हणते तर तिचं गाव चालत नाही. दुसरीचं गाव चालतं तर ती हो म्हणत नाही. दोन माया समोर उभ्या आणि लेकरू कुणाचंच नाही. हसावं का रडावं तेच मला कळेना. कडू मात्र डॉक्टरांच्या टेबलावरचा कापूस बघत मजेत उभी होती.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "ही शेवटची. दोघा-तिघांपुरती आहे. फोडलेली बाटली उद्यावर ठेवता येत नाही. पुढची खेप कधी येईल, मला माहीत नाही."

मागून माणसं कुरकुरायला लागली. "आवरा की बाई, आमालाबी लेकरं हायती."

मी वहिनीला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं. "वहिनी, एक शब्द. फक्त एक शब्द बोला. घरी जाऊन पायजे तर दहा सुपं जोंधळे ओता, पुन्हा विका."

"वन्सं, तिघं गेली," ती म्हणाली. "तिघांनाबी मी माझं म्हनलं व्हतं."

"आन् आश्रुबाला कुनी माझा म्हनलं, म्हनून गेला का तो? तो घाटावरचं पानी पिऊन गेला."

"मला काय ठाव, कशानं जातंय मानूस? तुमाला ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. पाण्याचं मी बुकात वाचलं होतं, पण आश्रुबाच्या शेजारी त्याच घाटाचं पाणी प्यालेली पंधरा माणसं जिवंत होती. मला वहिनीची दया आली आणि तिच्या मुस्काटीत द्यावी असंही वाटलं, दोन्ही एकदमच.

आप्पाराव तसे वाईट नव्हते. त्यांच्याही ध्यानात काहीतरी आलं असावं. "बाई," ते जरा नरमून म्हणाले, "तुमचं असेल तर तुमचं म्हणा. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. कानात सांगितलेलं मला चालत नाही, उद्या हीच माणसं माझ्या नावानं बोंबलतील."

वहिनी टेबलापाशी परत गेली. डॉक्टरांनी सुई भरली आणि हातात धरून ठेवली.

"वन्सं," ती मागं न बघता म्हणाली, "पोरीचे कान झाका."

मी कडूच्या दोन्ही कानांवर तळहात दाबून धरले.

"माझी हाय," वहिनी म्हणाली. आवाज फुटला नाही. ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी रस्त्यावरच्या माणसांनीही वळून बघितलं. "माझी हाय! माझ्या पोटची हाय. टोचा."

आमच्या गावच्या बायांना सगळं ठाऊकच होतं, पण त्यांनीही पदर तोंडाला लावले. डॉक्टरांनी झटकन सुई टोचली. कडूनं असा काही टाहो फोडला, "मावशे! मावशे गं!" आणि वहिनी तिचा हात घट्ट धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती होती.

छबूबाई पुढं आली. पिठाचे हात तसेच कडूच्या तोंडावरून उतरवले, आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि वहिनीला म्हणाली, "तू बोललीस ते बोललीस. लेकरू माझंच हाय." आप्पारावांनी ते ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवून पुढच्याला बोलावलं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. कडूचा दंड सुजायला लागला होता, म्हणून मी तिला कडेवर घेतलं. वहिनी घेईना. ती आमच्यापासून लांब, पुढं चालली होती, आणि थोड्या थोड्या वेळानं थांबून विचारत होती, "आंग तापलं का?"

"न्हाई अजून."

"आता?"

"वहिनी, डॉक्टरांनी सांगितलंय ना, ताप येनारच हाय. येऊन जाईल."

"त्यो सुईचा ताप आसंल का दुसरा, कसं कळनार?"

ताप आला तर आई काय म्हणेल, गाव काय म्हणेल, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. कुणी घाटाचं नाव घेणार नाही. सगळे म्हणतील, कोकिळा चारचौघांत बोलली. खरं सांगते, माझाही हात सारखा कडूच्या मानेखाली जायला लागला होता.

कडू रडून थकली होती. माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडली होती. मला वाटलं झोपली.

"मावशे," तिनं एकदम हाक मारली.

"काय?" वहिनी न थांबता म्हणाली.

"तू माझी माय हायस?"

माझे तळहात म्हणजे काही भिंती नव्हत्या. वहिनी जागीच थांबली. मी मनाशी ठरवून टाकलं की आता ही 'छबूबाईची' म्हणाली तर मी हिच्याशी जन्मात बोलणार नाही. तिनं पुढं बघितलं, मागं बघितलं, वाटेकडच्या बाभळीच्या वर बघितलं. लांबवर एक रिकामी गाडी चालली होती, बाकी वाटेवर कुणी नव्हतं. मग ती माझ्याजवळ आली आणि तिनं कडूला माझ्या कडेवरून उचलून घेतलं.

"हाय," ती म्हणाली. "पन हळू बोल."

कडूनं तिच्या गळ्यात हात टाकला, कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजत म्हणाली, "माय."

"अजून हळू," वहिनी म्हणाली.