रुमालावरचा रुपया

पौषातल्या त्या सकाळी मी गव्हाला पाणी सोडायला निघाले होते, आणि हात आपसूक आढ्याला खोचलेल्या दाव्याकडे गेला. बारा वर्षं मी त्याला शिवले नव्हते. कुमुदिनीला जन्मापासून दिसत नाही, पण माझा हात कुठं जातोय ते तिला माझ्याआधी कळतं.

"आई, मला बांधणार का गं?" तिनं विचारलं. वीस वर्षांची पोर. त्या क्षणी समोर कुणी सरकारी माणूस असता तर त्याच्या टाळक्यात मी फावडं घातलं असतं.

खोटं कशाला सांगू, लहानपणी मी तिला बांधूनच शेतावर जायची. तिचे वडील गेलेले, विहीर अंगणाला लागून, घरात दुसरं कुणी नाही. दाव्याचं एक टोक बाजेच्या पायाला, दुसरं तिच्या कमरेला. आमच्या वाडीत कुणी नावं ठेवली नाहीत, कारण आणखी दोन घरांत हेच चालायचं. मग गोविंद मास्तर आले. दरबारी घोड्यांच्या रिकाम्या पागेत त्यांनी आंधळी, पांगळी, मुकी अशी सात माणसं जमवली आणि बाजांना लागणारी नवार विणायला शिकवलं. तेव्हापासून कुमुद काठी टेकत एकटी जाते, एकटी येते. मास्तरांचा पगार आणि सूत संस्थानच्या दरबाराकडून यायचं.

दरबार गेला, मध्यभारताचं राज्य आलं, तरी गाडं कसंबसं चाललं. गेल्या साली मध्यभारतही गेला, राजधानी भोपाळला झाली, आणि सूत यायचं थांबलं. पाच अर्ज केले. आमच्या लष्कर शहरातलं दफ्तर म्हणे भोपाळला विचारा, भोपाळ म्हणे लष्करच्या फायलीचा नंबर कळवा. नंबर कुणीच देईना, तिथंच घोडं पेंड खात होतं. मास्तरांनी माघात गावी परत जायचं ठरवून बोचकं बांधलं. त्यांना तरी काय बोलणार, पोट त्यांनाही आहे.

एवढ्यात कळलं की भोपाळचे एक साहेब दोन दिवस लष्करात, बाड्याच्या चौकाजवळच्या कचेरीत बसणार. माझे दीर शिवाजीराव वाडीतले वडीलधारे, छत्तीस वर्षं दरबारच्या घोडदळात काढलेले. ते म्हणाले, मी बोलतो. त्यांनी पेटीतली पगडी बाहेर काढली, मी रुमाल धुऊन दिला. आमच्यात मोठ्या माणसापुढं रिकाम्या हातानं जात नाहीत. दोन्ही तळव्यांवर रुमाल, रुमालावर रुपया. मोठा माणूस तो बोटांनी शिवतो आणि परत देतो. घेत कुणीच नसतं, तो नुसता मान असतो. शिवाजीरावांनी दर दसऱ्याला दरबारात हेच केलं होतं. यात काही वावगं आहे हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला फार शहाणी समजते.

साहेब तरुण होते. अर्ज निम्मा वाचून झाला तोच शिवाजीराव लवले आणि त्यांनी रुमाल पुढं धरला.

"यह क्या है? मुझे रिश्वत देते हो?" साहेबांनी खुर्ची मागं ढकलली.

"हात लगाकर वापस कर दो, सरकार," दीर म्हणाले. "हमारी रीत है."

हात लावायलाच तर साहेब तयार नव्हते. दोन कारकून आले, पंचनामा झाला, रुपया पाकिटात घालून लाखेनं बंद केला आणि त्यावर नंबर पडला. आमचा अर्ज पुरावा म्हणून मागं टाचला, त्यालाही तोच नंबर. पाच अर्जांना जे मिळालं नाही ते गुन्ह्याला अर्ध्या घटकेत मिळालं.

परतताना बैलगाडीत बसताच दिरांनी पगडी उतरवली. वाडी आल्यावर पगडी मांडीवर घेऊन म्हणाले, "जलमभर घोड्यावर ताठ बसलो, वहिनी. आता लाच दिली म्हून कागद झाला."

पुढचे तीन आठवडे मला बसवेना, उठवेना. पाणी एका वाफ्याला सोडावं आणि जाऊन भलत्याच वाफ्यात उभं राहावं. पोरीच्या पायांचा आवाज घरात ऐकू आला की पागेतलं सूत संपलं, असंच वाटायचं. शेजारणी म्हणाल्या, आता धरपकड होणार. झालं वेगळंच. दौलतसिंह नावाचे तपासनीस सायकलवरून आले. लाच कुठल्या कामासाठी दिली हे त्यांना लिहायचं होतं, म्हणजे ते काम बघणं भाग होतं.

अर्धा दिवस ते पागेत बसले. शेवटची सुताची लड मागावर होती. कुमुदनं बोटांनी चुकलेला धागा शोधून मागं घेतला, ते त्यांनी दोनदा करून दाखवायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, हे बंद पडलं तर काय होईल?

मी घरी गेले, दावं आणलं आणि त्यांच्या कागदांवर ठेवलं.

"बारा सालांपूर्वी हे हिच्या कमरेला होतं," मी म्हटलं. "सूत द्यायचं नसंल तर सरकारनं दावं तरी नवं द्यावं. हे आता तिला पुरायचं न्हाई."

दौलतसिंहांनी दावं बाजूला सारलं नाही. तसंच राहू देऊन उरलेल्या जागेवर ते बराच वेळ लिहीत राहिले.

फाल्गुनात कागद आला. शिवाजीरावांना ताकीद, माफीनामा लिहून द्यायचा, रुपया सरकारजमा. आणि चौकशीत संस्था चालू आढळल्यामुळं मास्तरांचा पगार व सूत मंजूर, एका वर्षापुरतं. पुढं नव्यानं अर्ज करावा. मास्तरांनी बोचकं सोडलं. दिरांनी माफीनाम्यावर सही केली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पागेत सूत पोचलं तेव्हा कुणीतरी विचारलंच, पुढल्या साली नंबर कसा मिळायचा?

"पुढल्या साली रुमाल मी धरते, काका," कुमुद माग न थांबवता म्हणाली. "तुरुंगात टाकलं तर टाकू देत. तिथं सूत सरकारच देतं."

सगळे हसले, दीरसुद्धा हसले. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी दावं पुन्हा आढ्याला खोचलं. पुढल्या सालचा गहू निघाला की मंजुरीचं वर्ष सरतं.