बातमीच्या आधी पोचलेला विनोद

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. यावर तुमचा विश्वास बसला नाही तरी मला वाईट वाटणार नाही. मीही तुमच्यावर अजून ठेवलेला नाही.

बर्मिंगहॅमच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी मूठ, लोखंडी चौकट आणि पोटात तीन रबरी पट्टे: दिवसाचा, महिन्याचा, वर्षाचा. कडेची इवलीशी चाकं बोटानं फिरवली की तारीख बदलते. तारखेच्या वर एकच शब्द कोरलेला, 'मिळाले'. 'छान' नाही, 'आवडले' नाही. कुणाला उगाच आशा लागू नये अशीच माझी घडण आहे.

माझी नेमणूक झाली लंडनमध्ये, रेडिओच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तिथून दर शुक्रवारी संध्याकाळी 'आठवड्याची धुलाई' नावाचा विनोदी कार्यक्रम निघे. आठवड्यात जे घडलं त्याची टिंगल करायची, आणि टिंगल कुणीही पाठवावी, अशी पद्धत. दातांचे डॉक्टर पाठवत, शाळामास्तर पाठवत. एका मठातल्या जोगिणीबाई पाठवत, आणि सगळ्यांत खवचट विनोद त्यांचे असत. कुणी चार ओळी, कुणी दीड पानाचं प्रहसन. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, म्हणजे नकार स्वतःच्याच हस्ताक्षरात घरी येतो.

आता बातमी एकच असल्यावर विनोदही पुष्कळदा एकच येतो. मग तो कुणाचा? ज्याचा आधी आला त्याचा. हे ठरवणारा मी. कार्यक्रमाच्या शेवटी ज्यांची नावं रेडिओवर वाचली जात ती माझ्या तोंडावर अवलंबून. त्यामुळे येणारा प्रत्येक कागद मला संशयित वाटे, आणि सगळ्यांत जास्त संशय मला पाकिटावरच्या टपालखात्याच्या शिक्क्याचा. फिरतीचा माणूस, अर्धवट पुसलेला, तिरका. त्याच्या शब्दाला काय किंमत?

मला हाताळत पॅस्कोबाई. त्या माझ्याहून संशयी. बिस्किटाचा डबासुद्धा मोजून ठेवत. सकाळी कोट खुंटीला लावायच्या आधी त्या माझं चाक फिरवत आणि वर्तमानपत्रावरची तारीख पाहून खात्री करत, तीही दोन वर्तमानपत्रांवरची. त्यांची आणखी एक सवय होती. रिकामं पाकीट फेकण्याआधी त्याचा तिकिटाचा कोपरा फाडून त्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत. वापरलेली तिकिटं जमवून ती आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थेला द्यायची. हा नियम जो मोडेल त्याला त्या दिवशी चहा मिळत नसे.

ग्रिम्सबीचे लेनर्ड ऑझगर्बी हे आमचे जुने पत्रलेखक. बसवर कंडक्टर. सात वर्षं दर आठवड्याला सहा विनोद आणि एक प्रहसन, आणि प्रहसनात नेहमी मंत्र्यापेक्षा शहाणा एक कंडक्टर. सात वर्षांत त्यांचं नाव एकदाही वाचलं गेलं नव्हतं. एकदा त्यांनी तळटीप लिहिली होती, 'आगाराच्या कँटीनमध्ये मी रेडिओला लिहितो म्हणून सांगून बसलो आहे. आता ते दर शुक्रवारी शेवटपर्यंत ऐकतात आणि मग माझ्याकडे बघतात.' पॅस्कोबाईंनी ती वाचून चष्मा पुसला होता. मला वाटलं, हा सहानुभूती उकळतोय.

त्या मार्चमध्ये, बारा तारखेला, सोमवारी दुपारी पॅस्कोबाईंना ट्रूरोहून फोन आला. बहिणीचं कमरेचं हाड मोडलं होतं. जाताना त्यांनी मला प्रॉसरसाहेबांच्या हवाली केलं. प्रॉसरसाहेब म्हणजे विनोद निवडणारे. मोठ्या विद्यापीठात शिकलेले. बाई दारातून म्हणाल्या, "कोपरे डब्यात टाका. मला कळतं." चाकाबद्दल काही म्हणाल्या नाहीत. ते कुणाला सांगावं लागेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्याच संध्याकाळी सहाच्या बातम्यांत आलं की एका नदीवर दोन्ही काठांकडून बांधत आणलेला पूल मधोमध चार हातांनी चुकला.

मंगळवारी पहिल्या टपालानं सात पाकिटं आली. साहेबांनी कोपरे इमानानं डब्यात टाकले, सातही कागदांवर मला आपटलं आणि हात दुखला म्हणून थांबले. पुढचं टपाल त्यांनी बाईंसाठी तसंच ठेवलं. अकरा वाजता क्रिस्पिन लाइल नावाचा, साहेबांच्याच विद्यापीठातला तरुण स्वतः कागद घेऊन आला. साहेबांनी त्यावर हातानं लिहिलं, 'तेरा मार्च, अकरा'.

बुधवारी दुपारी निवड करताना साहेब एकदम ताठ बसले. लाइलच्या कागदावर होतं, 'खात्याचं म्हणणं, पूल सरळच आहे, नदी वाकडी आहे.' आणि ऑझगर्बींच्या कागदावरही तेच. पण त्यावर मी उमटवलं होतं, 'मिळाले, १२ मार्च'.

साहेबांनी कागद उजेडात धरला. "बातमी बाराला संध्याकाळी सहाची. आपलं शेवटचं टपाल तीनचं. म्हणजे हा विनोद बातमीच्या आधी पोचला," ते स्वतःशीच म्हणाले. "हा माणूस ज्योतिषी तरी आहे, नाहीतर आतलं कुणीतरी फितूर आहे." मग त्यांची नजर पॅस्कोबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर गेली, आणि बाईंची बहीण खरंच ट्रूरोला असते की ग्रिम्सबीला, असा प्रश्न त्यांनी छताला विचारला.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सात वर्षांचा माझा संशय खरा ठरत होता. लबाड कंडक्टर! मी स्वतः बारा उमटवलं आहे, म्हणजे ती बाराच. मित्रांनो, मला दिवस कळत नाही. माझ्या तोंडात जी तारीख घालतील ती मला आजची वाटते. अशी माणसंही मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती चांगल्या हुद्द्यावर होती.

साहेबांनी नावांच्या यादीत लाइल लिहिलं. ऑझगर्बींना दोन ओळी टाइप केल्या, की यापुढे आपण काही पाठवू नये. ते पत्र ऑझगर्बींनीच पत्ता लिहून पाठवलेल्या पाकिटात घालून त्यांनी रवानगीच्या तबकात ठेवलं. तबक टपालात नेण्याचं काम पॅस्कोबाईंचं, म्हणून ते तिथेच राहिलं.

गुरुवारी सकाळी बाई आल्या. कोट अंगावरच होता. मला उचललं, तोंड वर केलं आणि पाहतच राहिल्या.

"साहेब, हा वापरलात का तुम्ही?"

"मंगळवारी. सातच कागदांवर."

"आणि चाक?"

"कसलं चाक?" साहेब म्हणाले. "ती तारीख आपली आपण बदलते ना?"

बाईंनी पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला आणि कोपरे एकेक करून बाजूला सारले. ग्रिम्सबीहून लिहिणारा माणूस एकच, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. तिकिटावर तिरका, अर्धवट पुसलेला टपालाचा शिक्का: ग्रिम्सबी, बारा मार्च, सायंकाळी सव्वासात. सहाला बातमी ऐकली, लिहिली, सव्वासातला टपालात. मंगळवारी पहिल्या टपालानं आमच्याकडे. लाइलच्या तीन तास आधी.

ज्या फिरतीच्या शिक्क्याला मी जन्मभर नावं ठेवली तो खरं बोलत होता. खोटी साक्ष माझी होती.

"कंडक्टर माणूस," बाई म्हणाल्या. "त्याला वेळेत पोचायची सवय असते." मग तबकातलं ते पाकीट उचलून त्यांनी साहेबांच्या हातात दिलं. "हे तुम्हीच फाडा. कोपरा तेवढा ठेवा."

साहेब गोरेमोरे झाले. माणूस मनाचा वाईट नव्हता. त्यांनी पत्र फाडलं, ऑझगर्बींनीच तिकीट लावलेला कोपरा नीट डब्यात टाकला, आणि ध्वनिमुद्रणाला जाण्यापूर्वी यादीतलं नाव बदललं.

शुक्रवारी सगळे गेल्यावरही बाई रेडिओ लावून बसल्या. पूल आला, नदी आली, लोक हसले. मग नावं. 'लेनर्ड ऑझगर्बी.' दीड सेकंद लागला असेल. बाईंनी डबा न मोजता एक बिस्कीट घेतलं.

पुढच्या आठवड्यात सहा विनोद आले, एक प्रहसन आलं आणि तळटीप आली. 'आभारी आहे. कँटीनमध्ये सगळ्यांनी ऐकलं. त्यांचं म्हणणं, तो दुसराच कुणी ऑझगर्बी असणार. शिक्का असलेलं काही पाठवता आलं तर पाहा. शिक्क्यावर या लोकांचा विश्वास आहे.'

हे वाचून मला शाईच्या गादीत तोंड लपवावंसं वाटलं.

बाईंनी कोरा कागद टाइपरायटरवर चढवला आणि एकच ओळ लिहिली, 'ग्रिम्सबीचे बस कंडक्टर लेनर्ड ऑझगर्बी, हेच ते.' मग दोन वर्तमानपत्रं उघडली. माझं चाक तपासलं. पुन्हा तपासलं. आणि मला हलकेच टेकवलं. 'मिळाले.' काय मिळालं, हे कँटीनमध्ये कुणी विचारलं नाही म्हणे. कागद चहाच्या किटलीच्या वर भिंतीला लागला.

त्यानंतर माझ्या पट्ट्यावरची वर्षं संपली. रबरी पट्ट्यावर वर्षं थोडीच असतात. नवा शिक्का आला, आणि निवृत्त होताना पॅस्कोबाई मला घरी घेऊन गेल्या. आता मी त्यांच्या खणात, त्या पत्र्याच्या डब्याशेजारी असतो. बाईंना कधी आठवण आली तर त्या मला पुसतात, नाही आली तर मी धूळ खातो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या टेबलावर माझा कुणी भाऊबंद असेल तर सकाळी त्याचं चाक फिरवा, तो आपला आपण फिरत नाही. आणि एखाद्याला लबाड ठरवायची फार घाई झाली, तर आधी आपल्या तोंडावर तारीख कोणती आहे ते पाहा.

ही गोष्ट तुम्हाला मिळाली. कोणत्या तारखेला, ते मात्र मला विचारू नका.