कडीचं दार

रविवारच्या पुरवणीत मी लोकांना शहाणपण शिकवते. लग्न थोडक्यात कसं उरकावं, सुट्टीत पाहुणे उतरले तर त्यांना झोपवावं कुठे, भिंतीवरचे डाग कशानं जातात. त्यातलं माझं स्वतःचं काही नाही, सगळं माहेरचं. टेबलं भाड्यानं आणू नका, घरातली दारं बिजागऱ्यांवरून उतरवा, स्टुलांवर आडवी टाका आणि वर पांढरी चादर अंथरा, ही तर आमच्या घराण्याची रीतच. आमच्याकडे कार्य निघालं की घराला दारं नसायची.

दादाच्या लग्नात जेवणं आटोपल्यावर काकांनी दारं परत बसवली आणि घोळ घातला. न्हाणीघराचं दार स्वयंपाकघराला, स्वयंपाकघराचं न्हाणीघराला. उद्या बदलू, परवा बदलू म्हणता म्हणता दादाची पोरगी लग्नाची झाली. न्हाणीघराला कडीच उरली नाही, म्हणून आत जाणाऱ्यानं मोठ्यानं गायचं असं ठरलं. दादाचं गाणं ऐकून शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. स्वयंपाकघराला मात्र आतून पितळी कडी आली, आणि ती वहिनीच्या चांगलीच पथ्यावर पडली. रुसली की ती आत जाऊन कडी लावायची. दादा बाहेर स्टूल टाकून बसायचा, आणि आम्हा सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायचे. काय दिवस होते ते, आठवले की अजून गलबलतं.

वहिनी गेली त्याच्या पुढच्या वर्षी पोरीचं लग्न ठरलं. तिनं बापाकडे एकच मागितलं. "बाबा, घरीच करूया. आई सांगायची तसं दारांवर जेवूया."

"हॉल बघा," दादा म्हणाला.

मी भांडायला उभी राहिले. "जन्मभर या घरात हॉलचं नाव नव्हतं, आणि आता कसलं खूळ घेतलंस?"

"बाकीची काढा. ते कडीचं दार मी हलवणार नाही. एकदा हललं की परत कुठे बसेल, भरवसा नाही."

मी भांडण तिथंच टाकलं. मला भांडण अर्धं टाकणं जमत नाही, हे अख्ख्या खानदानाला ठाऊक आहे. पोरगी म्हणाली, "राहू दे आत्या, हॉल चालेल मला." पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

सकाळी उठून बघते तर दादा स्टुलावर चढून बिजागरीचे स्क्रू काढतोय. दाराच्या वरच्या कडेला खडूनं ठळक लिहिलं होतं, 'स्वयंपाकघर'.

लग्नाच्या दिवशी अंगणात नवरानवरी त्याच दारावर जेवायला बसली, कडी वर, दोघांच्या ताटांच्या मधोमध. मी सवयीनं चादर घेऊन धावले.

"चादर नको," दादा म्हणाला. "दिसू दे." मग जावयाकडे वळला. "जावईबापू, ही रुसली तर दार बडवू नका. बाहेर नुसतं बसून राहायचं. उघडतात त्या."

पोरगी रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

पाहुणे पांगल्यावर दादानं दार जागच्या जागी बसवलं. मी आत चहा ठेवत होते. दार लोटलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, कडी लावली. मग बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला.

चहा उकळेपर्यंत मी कडी काढली नाही.